परवानगीच्या कागदावर सही करण्यापूर्वी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी शिबिरात लवासा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे बी. ए., बी. एड. असे छापले आहे. बी. पी. एड. नाही, हे आधीच सांगून टाकतो. मुळशी तालुक्यातल्या ज्या हायस्कुलात मी मराठी आणि इतिहास शिकवतो, तेथे स्वतंत्र क्रीडाशिक्षक नाही. मी रुजू झालो त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी शिट्टी माझ्या हातात दिली. ती आजतागायत माझ्याच गळ्यात आहे. तेव्हा मी जे बोलणार ते शास्त्र म्हणून नव्हे, तर मैदानाच्या कडेला उभे राहून जे पाहिले, आणि जिथे चुकलो, त्याच्या आधारावर बोलणार आहे.

आज पहाटे आपल्यापैकी बरेच जण तलावाच्या काठाने फिरून आले. हे वरसगाव धरणाचे, म्हणजे मोसे नदीचे पाणी. या काठावर एके काळी गोल्फच्या, रोइंगच्या अकादम्या होणार अशा घोषणा झाल्या होत्या, परदेशातील नामांकित खेळाडूंची नावे वर्तमानपत्रांत येत होती. पुढे काय झाले ते आपणांस ठाऊक आहे. २०१८ मध्ये सारे प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. या खोऱ्यातल्या मुलांच्या वाट्याला त्यातून एकच गोष्ट खरी आली, ती म्हणजे गुळगुळीत रस्ता. थट्टा नाही. आमच्याकडे पावसाळ्यात मैदान म्हणून काही उरतच नाही. जिथे उन्हाळ्यात खो-खो चालतो तिथे जुलैत भाताची आवणी असते, आणि शालेय स्पर्धांचा मोसम नेमका तेव्हाच सुरू होतो. म्हणून माझ्या शाळेची मुले सकाळी या डांबरी रस्त्यावर धावतात. शनिवार-रविवारी मात्र नाही, कारण पुण्याहून येणारे मोटरसायकलवाले वळणावर कुणाचे नसतात.

याच रस्त्यावर धावणाऱ्या एका मुलीची हकीकत प्रथम सांगतो. तिच्या वडिलांच्या परवानगीने सांगतो आहे. नाव सांगणार नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी आठवीत होती. ८०० मीटर धावायची. तालुक्यात पहिली आली, जिल्ह्यातही पहिली आली. पुढची पायरी विभागाची होती. स्पर्धा दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणजे एक रात्र मुक्काम. मी नेहमीप्रमाणे परवानगीचा छापील कागद घरी पाठवला. तो परत आला. सहीच्या जागी काही नाही, मागे दोनच शब्द, ‘परवानगी नाही.’

त्या दिवशी शिक्षकखोलीत मी जे बोललो त्याची मला आज लाज वाटते. ‘आपले लोक कधी सुधारणार’ वगैरे. सुशिक्षित माणूस स्वतःच्या समाजाविषयी जे सहज बोलून जातो, तेच. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी पत्नीला घेऊन त्यांच्या घरी गेलो. वडिलांचे गॅरेज आहे. हात पुसत बाहेर आले, आदराने बसवले, चहा झाला. मग त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. मुलीबरोबर बाई कोण आहे? रात्री मुली कुठे झोपणार, आणि त्या खोलीच्या दाराशी कोण? धावताना ती काय घालणार?

तिसऱ्याचे उत्तर माझ्याकडे होते. पहिल्या दोहोंचे नव्हते. आमच्या शाळेतून त्या वर्षी एकही शिक्षिका जाणार नव्हती. मुक्कामाची सोय ‘तिथे गेल्यावर कळेल’ अशी होती. मी म्हणालो, ‘होईल काहीतरी व्यवस्था.’ ते शांतपणे म्हणाले, ‘सर, कुणाची गाडी मी होईल काहीतरी म्हणून घाटात सोडत नाही. ही तर माझी मुलगी आहे.’

ती गेली नाही. त्यानंतर ती धावायलाही आली नाही. आता अकरावीत आहे, विज्ञान शाखेत. भेटली की सलाम करते, हसते. धावण्याचा विषय ती काढत नाही आणि मीही काढत नाही.

पालक बंधुभगिनींनो, या प्रसंगात मागासलेले कोण होते? ते गृहस्थ नव्हते. त्यांचे प्रश्न अगदी रास्त होते, तयारी नव्हती ती माझी. पण एक गोष्ट त्यांनाही नंतर बोलून दाखवली, आणि त्यांनी ती मान्य केली. हे प्रश्न त्यांनी कागदाच्या मागे लिहिले असते, ‘परवानगी नाही’ऐवजी, तर माझ्या हातात आठ दिवस होते. आठ दिवसांत शेजारच्या शाळेतली शिक्षिका मिळाली असती, नाहीतर तिची आईच बरोबर आली असती. ‘नाही’ या शब्दाने शाळेची जबाबदारी संपते. प्रश्नाने ती सुरू होते. म्हणून आज मी आपणांकडे परवानग्या मागायला आलेलो नाही. काय विचारावे ते सांगायला आलो आहे.

शालेय स्पर्धा चालतात कशा, हे पुष्कळ पालकांना कुणी सांगितलेलेच नसते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी ही चढण आहे. वयोगट तीन, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील. वय मोजतात ते त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरच्या हिशोबाने, इयत्तेच्या हिशोबाने नव्हे. आणि इथेच आपली मुले अडखळतात. आपल्या किती जणांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून आहे? हात वर करू नका, मला ठाऊक आहे. माझ्या वडिलांचीही एक जूनच आहे. नाव घालताना गुरुजींनी जी लिहिली ती. आजच्या मुलांच्या बाबतीत हे कमी झाले आहे, पण नावाचा घोळ कायम आहे. जन्मदाखल्यावर मोहम्मद, आधारवर मोहंमद, शाळेच्या रजिस्टरला नुसते मो., आडनाव एकीकडे शेख तर दुसरीकडे वडिलांचेच नाव आडनावाच्या जागी. कबड्डीतला माझा एक चांगला चढाईपटू केवळ कागदांचा मेळ बसेना म्हणून जिल्ह्याच्या सामन्याला बाकावर बसून राहिला. मुलगा पाचवी-सहावीत असतानाच जन्मदाखला, आधार आणि शाळेचे रजिस्टर एकमेकांशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दहावीच्या अर्जालाही तेच कामाला येईल. आणि कुणी शहाणा ‘वय एक वर्ष कमी दाखवू, लहान गटात चमकेल’ असा सल्ला देऊ लागला तर त्याला दारातूनच निरोप द्या. ही लबाडी उघडकीस आली की मुलावर बंदी येते. उघडकीस आली नाही, तर ते मूल आयुष्यभर आपले खरे वय लपवत राहते.

आता गुणांविषयी, कारण सभा संपल्यावर दहा जण तेच विचारणार. होय, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. कोणत्या पातळीवर खेळला, काय मिळवले यावर ते ठरतात, आणि जास्तीत जास्त २५ पर्यंत जातात. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून मंडळाकडे जातो, त्याला मुदत असते, आणि नियम मधूनमधून बदलतात. म्हणून दरवर्षी शाळेत चौकशी करावी. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत प्रावीण्य मिळवलेल्या खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, हेही खरे. परंतु केवळ त्या गुणांसाठी ज्या खेळाचे नाव मुलाने कधी ऐकले नाही त्याचे प्रमाणपत्र विकत आणणारे पालक मी पाहिले आहेत. अशा बोगस प्रमाणपत्रांवर राज्यात गुन्हे नोंदले गेले आहेत. पंचवीस गुणांच्या मोहापायी मुलाच्या पहिल्याच सरकारी कागदावर खोटे कशाला?

सतरा वर्षांखालील गटातले मुलाचे उमेदीचे वर्ष बहुधा दहावीचेच असते. तिथेच आपण त्याचे बूट माळ्यावर टाकतो. माझा अनुभव विचाराल, तर खेळ पूर्ण बंद केल्याने वाचलेला वेळ पुस्तकाकडे जात नाही, मोबाईलकडे जातो. सराव कमी करा, स्पर्धा निवडून खेळू द्या, पण संध्याकाळचा एक तास काढून घेऊ नका. आणि मूल अभ्यासात मागे पडते आहे असे वाटले, तर खेळाला दोष देण्यापूर्वी ते झोपते किती ते पाहा.

माझ्या स्वतःच्या लहानपणीची एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. नववीत असताना तालुक्याच्या खो-खो संघात माझी निवड झाली. अब्बांना खेळ आवडत नसे. म्हणून जादा तासाचे निमित्त सांगून मी सरावाला जायचो. एके दिवशी खांबाजवळ पाय मुरगळला आणि सायकलवर बसवून मित्रांनी घरी आणले. अब्बांनी मारले नाही. पायाला हळद बांधली आणि एवढेच विचारले, ‘किती दिवसांपासून?’ मी म्हणालो, दोन महिने. त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना राग खेळाचा आला नव्हता, खोट्याचा आला होता. आणि ते खोटे त्यांच्याच ‘नाही’तून आले होते, हेही त्यांना कळले असावे. पुढच्या सामन्याला ते आले. मैदानाबाहेर, बाभळीखाली, शेवटपर्यंत उभे होते.

मोठ्या नावांविषयी थोडे. झहीर खान आपल्या श्रीरामपूरचा. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. मुलाने इंजिनिअरिंगचा रस्ता सोडून मुंबईला गोलंदाजी करावी हा निर्णय त्या घराने घेतला, आणि २०११ च्या विश्वचषकात त्याच मुलाने २१ बळी घेतले. वसीम जाफर मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लाम शाळेचा विद्यार्थी, वडील बसचालक. रणजी स्पर्धेत बारा हजार धावांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला फलंदाज. डिसेंबर २०१८ मध्ये जालन्याला महाराष्ट्र केसरीची गदा उचलणारा बाला रफीक शेख करमाळा तालुक्यातला. ही नावे ऐकून मुलांचे डोळे चमकतात, ते चमकू द्यावेत. पण पालकांनी दुसरा हिशोबही मनात ठेवावा, की शाळेत खेळणाऱ्या हजारोंतून असा एखादाच निघतो. आपला मुलगा तो एखादा नसेल, बहुतेक नसेलच. तरीही त्याने का खेळावे?

मला सुचणारे कारण साधे आहे. आमच्या खो-खोच्या संघात गेल्या वर्षी दोन धनगरवाड्यांची मुले होती, एक कातकरी मुलगा होता, मुस्लिम दोन, बाकी मराठा आणि बौद्ध घरांतली. बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ देताना कुणी कुणाची जात-धर्म पाहत नाही, कारण तेवढा वेळच नसतो. उपांत्य फेरीत हरलो तेव्हा सगळी एकाच डब्यातून खाली मान घालून जेवली. भाषणे देऊन हे मला वर्गात कधी साधलेले नाही. आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत तोंड दाखवणे, हेही पुस्तकात शिकवता येत नाही. आपल्या भाषेत एक गंमत आहे. घरी आपण ‘तालीम’ म्हणतो ते शिक्षणाला. बाहेर पेठेत, गावात, तालीम म्हणतात ती लाल मातीच्या आखाड्याला. शब्द एकच. मी मराठीचा शिक्षक असल्याने मला तो जरा जास्तच आवडतो, एवढे सोडून द्या.

घराचा भार एकट्या पालकांनीच उचलावा असेही नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते गावोगाव वर्गणी गोळा करून. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आमच्या शिक्षकांकडून कुणी घर गहाण ठेवण्याची अपेक्षा करू नये, बऱ्याच जणांचे आधीच बँकेकडे आहे! पण प्रवासखर्चाचे पैसे नाहीत म्हणून मूल मागे राहते आहे हे शिक्षकाच्या कानावर घालायला संकोच करू नका. आपल्या संस्थेनेही स्मरणिकेच्या जाहिरातींतून जमणाऱ्या रकमेतला काही भाग यासाठी बाजूला ठेवावा, ही माझी अध्यक्षांना जाहीर विनंती.

मुलींविषयी वेगळे बोलतो, कारण सहावीत माझ्याकडे जितक्या मुली खेळायला येतात त्यांतल्या फारच थोड्या नववीत उरतात. आपल्या नांदेडला लागून असलेल्या निजामाबादची निखत झरीन २०२२ मध्ये इस्तंबूलला जागतिक मुष्टियुद्ध विजेती झाली. तिच्या कपड्यांवरून नातेवाइकांनी बोलणी लावली होती. तिचे वडील, जे स्वतः खेळाडू होते, ते तिच्या पाठीशी उभे राहिले. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, आणि पुढे राज्य शासनात उपजिल्हाधिकारी झाली. कपड्यांचा प्रश्न वाटतो तितका कठीण नाही. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २०१४ मध्ये आणि बास्केटबॉलच्या संघटनेने २०१७ मध्ये डोके झाकून खेळायला मान्यता दिली. पूर्ण विजार आणि बाह्यांचा सदरा घालून माझ्या मुली सराव करतात. आपल्या मुलीच्या खेळात काय चालते ते शिक्षकाला आधी विचारून घ्यावे, सामन्याच्या दिवशी नव्हे.

सुरक्षिततेबद्दल मात्र कुणाचाही मुलाहिजा ठेवू नका. सोबत शिक्षिका कोण, मुक्काम कुठे, गाडी कुणाची, परतायची वेळ कोणती, हे लेखी मागा. एकटा प्रशिक्षक मुलीला किंवा मुलाला एकटे गाडीवर नेत असेल, रात्री खासगी निरोप पाठवत असेल, तर तो कितीही मोठा असो, मुख्याध्यापकांना कळवा. मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे, १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. तो मुलांना पाठ असू द्या. आणि मूल घरी येऊन काही सांगू लागले तर त्याचे बोलणे मध्ये तोडू नका. ‘म्हणूनच मी नको म्हणत होतो’ हे वाक्य ज्या घरात बोलले जाते, तिथे मूल पुन्हा काही सांगत नाही.

रमजानचा प्रश्न दरवर्षी येतो. मी मौलवी नाही, रोज्याचा निर्णय घरात आणि जाणत्यांना विचारून व्हावा. शिक्षक म्हणून एवढीच विनंती, की रोजा असेल तर मुलाने मला सांगावे. मागे एक मुलगा लाजून काही बोलला नाही आणि दुपारच्या उन्हात चक्कर येऊन पडला. सांगितले असते तर मी त्याला त्या दिवशी धावायला लावलेच नसते. सराव हलका करता येतो, वेळ बदलता येते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आणखी काही वर्षांत तो हिवाळ्यातल्या स्पर्धांच्या दिवसांत येईल, तेव्हा हा विचार आतापासून केलेला बरा. २०१२ चे लंडन ऑलिंपिक रमजानमध्येच झाले होते, आणि जगभरच्या खेळाडूंनी आपापला मार्ग काढला होता.

खाण्याचे म्हणाल तर भाकरी, डाळ, अंडी, शेंगदाणे-गूळ, खजूर, भरपूर पाणी. मुलींच्या रक्तातले लोहाचे प्रमाण डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्यावे. व्यायामशाळेत विकले जाणारे पावडरचे डबे शाळेच्या वयात घरात आणूच नका. त्यांत काय मिसळले आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि एखादा निषिद्ध घटक सापडला तर बंदी खेळाडूवर येते. मुरगळलेल्या पायावर दुसऱ्या दिवशी पळवू नये. माझ्यासारखा शिट्टीवाला ‘काही होत नाही’ म्हणाला, तरी नाही.

तालुका स्पर्धांच्या तारखा पौडहून आल्या आहेत. ज्या मुलीची हकीकत सुरुवातीस सांगितली तिची धाकटी बहीण यंदा माझ्या खो-खो संघात आहे. तिच्या परवानगीचा कागद मी गेल्या आठवड्यात घरी पाठवला. तो परत आला आहे. सहीची जागा कोरी आहे, पण मागे पेन्सिलीने चार प्रश्न लिहिले आहेत. तीन तेच जुने. चौथा नवा आहे, ‘सामना संपल्यावर घरी फोन कोण करणार?’ चारही उत्तरे लिहून, सोबत येणाऱ्या बाईंची सही घेऊन, कागद मी खिशात आणला आहे. त्या गृहस्थांना मी मागच्या रांगेत बसलेले पाहिले. चहाच्या सुटीत तो त्यांच्या हाती देतो.